पहिल्या मजल्यावरचा अडलेला वारा

सैन्यात चोवीस वर्षं मी जनरेटर, पंप आणि हवा थंड-गरम करणारी यंत्रं दुरुस्त केली. वाळवंटात केली, बर्फातही केली. हवालदार म्हणून निवृत्त होऊन लोणंदजवळच्या आमच्या गावी परतलो, दोन महिने शेतात रमलो आणि तिसऱ्या महिन्यात बायकोनंच मला घराबाहेर काढलं. म्हणाली, "आवं, हिरीवरची मोटार तुमी चार येळा खोलून जोडली. तिला काय झालेलं न्हाई. तुमालाच काम पायजे."

काम मिळालं सांगलीत. कुपवाडकडं जाणाऱ्या रस्त्याला नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं एक कॉलेज आहे. तिथं शिकवण्याचे वर्ग आणि मुलींचं वसतिगृह एकाच इमारतीत. तिची देखभाल माझ्याकडं आली. आमच्या भागात सैन्यातून आलेला कुठलाही माणूस मेजरच असतो, त्यामुळं पहिल्या दिवसापासून मी त्या मुलींचा मेजरकाका झालो. सोमवारी पहाटेच्या गाडीनं सांगली आणि शनिवारी दुपारच्या गाडीनं लोणंद, असा माझा आठवडा सुरू झाला.

इमारत साधी नव्हती, हे मला पहिल्या फेरीतच कळलं. भिंती भाजलेल्या विटांच्या नव्हत्या. माती आणि थोडं सिमेंट दाबून केलेले, कधीही भट्टी न पाहिलेले ठोकळे होते ते. गच्चीवर सौर पॅनेल होते. जमिनीखाली पावसाच्या पाण्याची मोठी टाकी, आणि त्या टाकीतलं गार पाणी स्लॅबमधल्या नळ्यांतून फिरवायची सोय. पश्चिमेच्या अंगाला दोन उंच चौकोनी धुराडी होती, पण धुराची नव्हे, हवेची. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांच्यात उघडणाऱ्या पट्ट्यांच्या झडपा. गच्चीच्या वर धुराड्याला काच लावलेली. दुपारी ऊन पडलं की वरची हवा तापते, वर निघून जाते, आणि जाताना खोल्यांतली गरम हवा ओढून नेते. पंख्याशिवाय, विजेशिवाय. ज्यानं ही इमारत आखली त्याला कोळशाची वीज शक्य तितकी कमी जाळायची होती, हे मला कुणी न सांगताच समजलं.

पण चालवायची कशी, हे कुणी कुणाला सांगितलेलं दिसत नव्हतं. सकाळी आठला सगळे पंप चालू, संध्याकाळी सहाला बंद. झडपा काही उघड्या, काही बंद, काही गंजलेल्या. मी वर्षभर त्यांना तेलपाणी केलं, पंपांची सीलं बदलली, पण कुठली झडप कधी उघडायची याचा हिशेब माझ्या आवाक्यातला नव्हता. चांगली तोफ हाती आहे आणि नेम कसा धरायचा ते माहीत नाही, तसं वाटायचं.

मग ती इंजिनिअर मुलगी आली.

वय सव्वीस-सत्तावीस. कृष्णाकाठच्या एका जैन शेतकरी घरातली. शिक्षण पुण्यात झालेलं, पण नोकरी धरायला परत सांगलीला आलेली. प्राचार्या मॅडमनी तिला माझ्यासमोर आणून उभं केलं आणि म्हणाल्या, "या आपल्या इमारतीचं डिजिटल जुळं तयार करणार आहेत. तुम्ही यांना मदत करा."

"कसलं जुळं?" मी विचारलं.

ती हसली. "काका, तुमची ही इमारत आहे ना, तशीच एक मी कॉम्प्युटरमध्ये उभी करणार. भिंती, खिडक्या, पंप, झडपा, सगळं. आणि नुसतं चित्र नाही. इथं ऊन पडलं की तिथंही पडणार. इथं वर्गात चाळीस मुली बसल्या की तिथंही हवा तापणार."

"आणि मग?"

"मग खऱ्या इमारतीला त्रास न देता तिकडं सगळं करून बघायचं. ही झडप उघडली तर काय होईल? पंप बाराला चालू केला तर? कृत्रिम बुद्धिमत्ता रोज सकाळी हवामानाचा अंदाज घेणार, त्या जुळ्यावर शेकडो प्रकारे आजचा दिवस चालवून बघणार, आणि ज्यात कमीत कमी वीज लागते तो दिवस तुम्हाला सुचवणार. हो-नाही तुम्ही म्हणायचं."

मला तेव्हाच अंगात काहीतरी सळसळल्यासारखं झालं. सैन्यात वाळूचा नकाशा करून त्यावर चढाई करून बघायचो आम्ही, प्रत्यक्ष टेकडीवर पाऊल टाकण्याआधी. हे तेच होतं! फक्त वाळूच्या जागी गणित होतं.

पंधरा दिवस आम्ही दोघं शिडी घेऊन फिरलो. आगपेटीएवढे सेन्सर प्रत्येक खोलीत, गच्चीवर, पाण्याच्या टाकीत, धुराड्यांच्या तोंडाशी. ती सांगायची कुठं, मी ठोकायचो. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत ती डबा उघडून जेवून घ्यायची, मग काम पुढं चालू. तिच्या घरची ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी बहुतेक दिवशी माझ्याही वाट्याला यायची.

जुळं पहिल्यांदा चालू झालं तो दिवस मला आजही जसाच्या तसा दिसतो. माझ्या छोट्या खोलीत टेबलावर पडदा, त्यावर आमची इमारत, निळ्या-तांबड्या रंगांत. गार खोल्या निळ्या, तापलेल्या तांबूस. ती म्हणाली, "काका, जा, वाचनालयाच्या उत्तरेच्या दोन खिडक्या उघडा." मी पळत गेलो, खिडक्या उघडल्या, पळत परत आलो. वाचनालयाचा रंग बदलत होता. तांबूस, मग पिवळट, मग हळूहळू हिरवा. मी पुन्हा पळत गेलो आणि खिडक्या बंद केल्या. रंग उलटा फिरला. असं मी चार वेळा केलं. वाचनालयातल्या मुलींना वाटलं मेजरकाकांना उन्हाचा त्रास झाला.

पहिल्या महिन्यात त्या बुद्धिमत्तेनं सुचवलेल्या गोष्टी मला उलट्या वाटायच्या. मुलींच्या अंघोळीचं पाणी पहाटे पाचला तापवायची पद्धत होती. बुद्धिमत्ता म्हणाली, दुपारी बाराला तापवा, गच्चीवर ऊन असताना, टाकी जाड वेष्टनाची आहे, पाणी टिकेल. वसतिगृह सांभाळणाऱ्या रेक्टरबाई माझ्यावर चिडल्या. "मेजर, पोरींना गार पाण्यानं अंघोळ घालणार का?" दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वतः नळाखाली हात धरून उभा राहिलो. पाणी कढत होतं. रेक्टरबाईंनीही हात धरला आणि चटकन मागं घेतला. कधी बुद्धिमत्ता चुकायचीही. दिवाळीच्या सुट्टीत सगळं वसतिगृह रिकामं, आणि तिनं शंभर मुलींचं पाणी तापवायला सांगितलं. सुट्टीची यादी आम्हीच तिला दिली नव्हती. मी "नाही" दाबलं, इंजिनिअर मॅडमना फोन केला, आणि पुढच्या सुट्टीला तिनं बरोबर ओळखलं.

एप्रिल लागला आणि घोळ सुरू झाला.

पहिल्या मजल्यावर पश्चिमेला मुलींची अभ्यासाची मोठी खोली आहे. परीक्षा जवळ आलेली, दुपारभर पन्नास-साठ मुली तिथं बसायच्या. जुळं म्हणायचं, खोली ठीक आहे, बसण्याजोगी आहे. खोलीतला सेन्सर म्हणायचा, चार अंश जास्त. आणि माझा घामेजलेला सदरा सेन्सरच्या बाजूनं होता. नवल हे, की बरोबर वरची, दुसऱ्या मजल्यावरची खोली, जिच्या डोक्यावर तापलेली गच्ची, ती मात्र जुळ्याच्या सांगण्याबरहुकूम गार. वरची खोली गार आणि खालची गरम, हे कुठल्या इमारतीत होतं?

इंजिनिअर मॅडमनी सेन्सर बदलला. नवा सेन्सर तेच म्हणाला. मी झडपा तपासल्या, उघड्या होत्या. नळ्यांतलं पाणी तपासलं, गार होतं. तीन आठवडे असे गेले. एका दुपारी अभ्यास करताना एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिला काही झालं नाही, लिंबू-सरबत पिऊन ती उठून बसली, पण त्याच संध्याकाळी प्राचार्या मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं.

"सोमवारी संस्थेच्या मंडळाची बैठक आहे," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत सहा एसी बसवायचे असा ठराव येणार आहे. मलाही दुसरं काही दिसत नाही. तुमचं जुळं सांगतं खोली गार आहे, आणि माझ्या मुली पडतायत."

बाहेर आल्यावर इंजिनिअर मॅडम जिन्यातच बसल्या. "सहा एसी बसले की संपलं, काका. गच्चीवरच्या उन्हातनं जेवढं वाचवलं तेवढं तिथंच जाणार. आणि सगळे म्हणणार, ते कॉम्प्युटरचं खूळ खोटं होतं."

"मॅडम, सोमवार अजून चार दिवस हाय," मी म्हणालो. "तुमचं जुळं आन आपली इमारत ह्यात कायतरी फरक हाय, एवढं तर नक्की. तो फरक कुठला, हे त्या जुळ्यालाच इचारता येतंय का?"

तिनं मान वर केली. माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी काही फार मोठं बोललो होतो. मी तर नुसतं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती धावतच. आदल्या संध्याकाळपासून तिनं जुळ्यालाच मोडून बघितलं होतं. भिंतीतले ठोकळे बदलून बघितले. गच्चीखालचं वेष्टन काढून बघितलं. नळ्या तुंबवून बघितल्या. प्रत्येक वेळी मोडलेल्या जुळ्याचा आलेख खऱ्या खोलीच्या आलेखाशी लावून बघायचा. एकही जुळेना. मग तिनं उत्तरेकडचं, म्हणजे त्या खोलीचं धुराडं, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये बंद करून बघितलं.

"हे बघा," ती म्हणाली आणि पडदा माझ्याकडं वळवला. दोन रेघा होत्या, एक निळी, एक काळी. एकमेकींवर अशा बसल्या होत्या की एकच रेघ वाटावी.

"पण धुराडं उघडं हाय," मी म्हणालो. "मी वरनं आत बघितलंय. खालपतूर अंधार हाय."

"तळ दिसला का?"

तळ दिसला होता. पण तो कुठला तळ, हे मी कधी मोजलं नव्हतं.

आम्ही आधी उदबत्ती लावली. दुसऱ्या मजल्याच्या झडपेसमोर धरली, तर धूर सरळ आत ओढला गेला, कुणी फुंकर मारावी तसा. मग पहिल्या मजल्याच्या झडपेसमोर धरली. धूर उभा. ओळंब्यासारखा सरळ वर जात राहिला. अभ्यासाला बसलेल्या मुली वह्या बाजूला ठेवून बघत होत्या. "काका, पूजा आहे का?" एकीनं विचारलं.

मग मी गच्चीवर चढलो. सुतळीला दगड बांधला, नकाशात धुराड्याची जेवढी उंची होती तेवढी सुतळी मोजून घेतली आणि धुराड्यात सोडली. खट्. दगड टेकला. हातात सुतळी उरलेली. मी ती इंजिनिअर मॅडमच्या हातात दिली आणि आम्ही टेप लावला. दहा फूट. बरोबर एक मजला. दुसऱ्या मजल्याच्या जमिनीपाशी धुराड्यात कुणीतरी आडवा स्लॅब टाकला होता, आणि पहिल्या मजल्याची खोली इतकी वर्षं बंद डब्यात श्वास घेत होती.

मी गच्चीवर अक्षरशः उडी मारली. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस! कुठं आत दडलेली गोष्ट, कुणाला दिसली नव्हती, आणि दोन रेघांनी ती शोधून दिली होती.

पण स्लॅब कसला होता, किती जाड, त्यात लोखंड होतं का, तो कशाला आधार देत होता का, हे कळल्याशिवाय हातोडा उचलायला प्राचार्या मॅडम तयार नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं. इमारत बांधणारा ठेकेदार काम संपवून कधीच कुठं निघून गेला होता. नकाशात स्लॅबचा पत्ता नव्हता. शेवटी रेक्टरबाईंना आठवलं. "हा गिलावा करणारा गवंडी कडेगावकडचा होता. हात फार सफाईदार. माझ्या बहिणीच्या घराचंही काम त्यानंच केलं." बहिणीला फोन झाला, गावाचं नाव मिळालं.

रविवारी सकाळी इंजिनिअर मॅडमच्या घरच्या गाडीतून आम्ही कडेगावला निघालो. त्या शनिवारी मी लोणंदला गेलोच नाही. बायकोला फोनवर सांगितलं, वारा सापडलाय, तो सोडवून येतो. ती म्हणाली, "बरं, जेवण तरी येळेवर करा." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस तुटून गेलेली रानं, कुठं बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याला पाणी चाललेलं. तिला वाटत होतं तो गवंडी नाकबूल करेल. मला वाटत होतं तो चिडेल.

तो दारात बसून गुरांच्या गव्हाणीची कड नीट करत होता. साठीचा, बारीक अंगाचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आम्ही कुठून आलो हे सांगितल्यावर त्यानं थापी खाली ठेवली. इंजिनिअर मॅडमनी लॅपटॉप उघडून सगळं समजावायला सुरुवात केली. तिचं अर्धं बोलणं होण्याआधीच तो म्हणाला, "धुराड्यातला सिलॅब ना? व्हय. म्याच टाकला."

मॅडमनी लॅपटॉप अर्धवट मिटला.

"का टाकला, बाबा?" मी विचारलं.

"पोरीपायी," तो म्हणाला. "तवा झडपा बसल्या नव्हत्या. नुसती भोकं उघडी. डोक्यावर घमेली वाहणाऱ्या एका बाईची तान्ही पोर हुती, नुकती रांगाय लागल्याली. दुसऱ्या मजल्यावर झोळीत ठेवायची. एकदा दुपारी पोर झोळीतनं उतरली अन् रांगत रांगत त्या भोकात निम्मी गेली. माझी नजर पडली म्हणून. पाय धरून वडली मी तिला." त्यानं हात पुढं करून दाखवला, मूठ आवळून. "त्याच दिवशी फळ्यांचं सेंट्रिंग मारलं, बारकी सळई टाकली अन् दोन इंचाचा सिलॅब वतला. कुणाला इचारलं न्हाई. म्हटलं झडपा बसल्या की काढीन. मग ठेकेदार बदलला, मला दुसऱ्या साईटवर धाडलं. नव्या मानसानं झडपा बसवल्या. आत कुणी बघितलंच न्हाई."

"इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाहीत?" इंजिनिअर मॅडमनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"लक्षात हुतं, ताई. लय येळा लक्षात आलं. पर कुणी इचारलंच न्हाई."

आतून त्याची बायको चहा घेऊन आली. तिनंही सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "ती पोर आता साळंत जाती. तिची आई अजून ह्यास्नी राखी बांधती." म्हातारा खाली बघून थापीवरचं वाळलेलं सिमेंट नखानं काढत राहिला.

मग त्यानं विचारलं, "ती कॉम्प्युटरमधली इमारत मला बघाय मिळंल का?"

मॅडमनी लॅपटॉप त्याच्या गव्हाणीच्या कडेवर ठेवला. त्यानं टॉवेलनं बोटं पुसली. आधी नुसतं बघितलं. मग एकेक खोली ओळखायला लागला. मॅडमनी भिंत पारदर्शक करून आतल्या नळ्या दाखवल्या, तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले. "आयला! भिताडाच्या आतलं दिसतंय की!" आणि लगेच बोट टेकलं. "पर ही नळी हितनं न्हाई. ही खांबाला वळसा घालून गेल्या. हितं मधी तुळई लागली हुती." मॅडमनी नळी हलवली. "आन हितली भिंत ठोकळ्याची न्हाई. ठोकळं कमी पडलं तवा चार थर भाजल्या इटांचं घातल्यात." मॅडमनी ते टिपलं. "ह्या खिडकीवरचा छज्जा सहा बोटं आखूड हाय. सेंट्रिंगचं लाकूड कमी पडलं."

दोन तास असं चाललं. तो सांगत होता, ती बदलत होती, आणि मी मध्ये बसून कधी त्याच्याकडं, कधी पडद्याकडं बघत होतो. सगळ्या नकाशांत जे नव्हतं ते त्या माणसाच्या डोक्यात थरावर थर रचलेलं होतं. इंजिनिअर मॅडमचा चेहरा असा उजळला होता की बास. एका ठिकाणी तिनं मला हळूच कोपर मारलं आणि पडद्यावरची एक रेघ दाखवली. जेवणघराचा आलेख कायम थोडा चुकायचा, त्याचं कारण तो आखूड छज्जा निघाला होता.

"चला," म्हातारा उठला. "माझी चूक हाय, म्याच काढतो. पर आधी एक सांगतो. सगळ्या झडपांना आतनं लोखंडी जाळी मारल्याबिगर मी पहार उचलणार न्हाई."

तो आमच्याबरोबर गाडीत बसूनच सांगलीला आला. प्राचार्या मॅडमना त्यानं स्लॅबची जाडी, सळई, सगळं सांगितलं, तो कशालाही आधार देत नाही हे नकाशावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी कॉलेजच्या ओळखीच्या एका जुन्या बांधकाम इंजिनिअरना बोलावून खात्री करून घेतली आणि मग मान डोलावली. संध्याकाळपर्यंत मी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये उभा राहून जाळ्या वेल्डिंग करून घेतल्या. रविवार असूनही मालकानं शटर उघडलं, कारण काम काय आहे हे ऐकल्यावर त्यालाच बघायचं होतं.

सोमवारी बैठक दुपारी चारला होती. आम्ही अकराला सुरुवात केली. पहिल्या मजल्याच्या अभ्यासाच्या खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं, झडपेसमोर पत्रे उभे केले, म्हणजे पडणारा राडारोडा आत उडणार नाही. वर, दुसऱ्या मजल्यावरची झडप काढली. म्हाताऱ्याच्या कमरेला मी सैन्यातली गाठ मारून दोर बांधला, दुसरं टोक खांबाला. तो चौकटीत बसला, पाय आत सोडले नाहीत, फक्त पहार आत. पहिला घाव. दुसरा. जुनं काम मजबूत होतं. "बघा की," तो धापा टाकत म्हणाला, "तात्पुरता टाकला हुता, तरी फुटंना."

नवव्या की दहाव्या घावाला पहार आरपार गेली. आणि त्या भोकातून वारा आला. खरंच आला. धूळ खाली पडण्याऐवजी वर उसळली, म्हाताऱ्याच्या टॉवेलाचं टोक फडफडत वर उचललं गेलं. गच्चीवर उभ्या इंजिनिअर मॅडमच्या ओरडण्याचा आवाज आम्हाला धुराड्यातून ऐकू आला. "काका! धूळ वरनं बाहेर येतेय! ओढतंय!"

तासाभरात सगळा स्लॅब निघाला. राडा खालून उपसला, जाळ्या बसवल्या, झडपा परत लावल्या. मी पहिल्या मजल्यावर झडपेसमोर उदबत्ती धरली. धूर क्षणभर थबकला आणि मग आडवा होऊन आत गेला. दारात गर्दी करून उभ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्याही. रेक्टरबाईंनी शिट्टी कुणी मारली ते शोधलं नाही.

बैठक त्याच खोलीत घ्या, असं मी प्राचार्या मॅडमना सुचवलं. हे माझं काम नव्हतं, पण राहवलं नाही. त्यांनी घेतली. सहा-सात मंडळी एप्रिलच्या तापल्या दुपारी येऊन बसली. पडद्यावर जुळं चालू होतं. पंधरा मिनिटांनी त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "एसी आधीच बसवले की काय?" प्राचार्या मॅडम हसल्या आणि त्यांनी दारात उभ्या असलेल्या गवंड्याला आत बोलावून खुर्ची दिली. तो बसायला तयार नव्हता. शेवटी बसला, टॉवेल मांडीवर घेऊन. त्यानं पोरीची गोष्ट पुन्हा सांगितली. एसीचा ठराव मांडला गेलाच नाही.

त्यानंतर इंजिनिअर मॅडमनी कामाची रीतच बदलली. कुठल्याही इमारतीचं जुळं करायचं तर आधी नकाशा नाही, आधी बांधणारा माणूस. साताऱ्यात एका शाळेची तशीच इमारत उभी राहत होती, तिचं जुळं बांधकाम चालू असतानाच करायचं ठरलं, आणि तिनं मला विचारलं, आठवड्यातले दोन दिवस द्याल का? लोणंदपासून मला सातारा सांगलीपेक्षा जवळ. मी प्राचार्या मॅडमची परवानगी घेतली आणि हो म्हणालो.

साताऱ्याच्या त्या कामावर आता रोज संध्याकाळी गिलावा चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो निघतो. तिथले गवंडी आधी वैतागायचे. मग एकदा मी त्यांना पडद्यावर त्यांनीच त्या दिवशी रचलेली भिंत दाखवली, आतल्या नळ्यांसकट. दुसऱ्या दिवसापासून फोटोची वेळ झाली की तेच हाक मारतात, "मेजर, या लवकर. आज आमी नकाशा सोडून एक गोष्ट केल्या, ती लिवून घ्या." मी शिडी लावतो, ते सांगतात, आणि इंजिनिअर मॅडम खाली उन्हात उभ्या राहून लॅपटॉपवर हाताची सावली धरून ती नोंद घेतात.